पाण्यावर जाणारे सर

सर सकाळी "पाण्यावर जाऊन येतो" म्हणाले, की मला वाटायचं, फिरायला जात असतील. आम्ही छावणी भागातल्या त्या घरात नवे होतो. नवऱ्याची वाळूजच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, मी एका शाळेत मराठी शिकवायचे. वरच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्यानं, खाली सर आणि काकू. सर कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशात दोन चष्मे, काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी आणि उंबऱ्यातून ती हाक. आतून काकूंचं उत्तरही ठरलेलं असायचं. "जावा. पाण्याला मी जाते, पाण्यावर तुमी जावा."

छावणीच्या आसपास सकाळ घालवावी असं पाणी मला तरी माहीत नव्हतं. शेवटी एकदा काकूंनाच विचारलं. त्या ओट्यावर बसून ज्वारी निवडत होत्या.

"कुठलं पाणी अन् कुठलं काय," त्या म्हणाल्या. "चितरातलं पाणी हाय ते. बया बसल्यात तिथं काठाला. त्यांची खुशाली विचारायला जातेत."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला आणि पुढची मूठ पसरली.

ते चित्र शहागंजच्या पलीकडच्या एका लहानशा संग्रहालयात होतं. सर मला घेऊन गेले, तेव्हा मी मनाची फार मोठी तयारी केली होती. भिंतभर काहीतरी असेल, सोनेरी चौकट असेल. पाहते तर शाळकरी पोराच्या पाटीएवढा कागद, काचेमागे ठेवलेला, आणि वर एक पिवळा दिवा. सरांनी मला चार पावलांवर थांबवलं, वर्तमानपत्राची नळी केली आणि माझ्या हातात दिली. "आधी यातून. सगळं एकदम बघायचं नाही. सगळं एकदम बघितलं, की माणसाला काहीच दिसत नाही."

मी एक डोळा मिटून नळी लावली. खरबूज दिसलं. कापलेलं, आतून केशरी, आणि त्याच्या बियाही एकेक रंगवलेल्या. मग नळी सरकवली, तर एक मांजर झोपलेलं. मग बोटं, मेंदी लावलेली. मग तंबोऱ्याचा भोपळा. असं करत करत मी ते सगळं चित्र तुकड्यातुकड्यानं पाहिलं. कधीच्या तरी दख्खनी दरबारातल्या बायका तळ्याकाठी दुपार घालवायला आल्या आहेत. गालिचा अंथरलाय. एक गातेय, एक ऐकता ऐकता पेंगतेय, एकीनं दुसरीच्या मांडीवर डोकं ठेवलंय. कोपऱ्यात झाडाखाली एक नाव बांधलेली. लांब एक पांढरा घुमट. आणि सगळ्यांच्या पुढं, अगदी पाण्याच्या कडेला, आपल्याकडं पाठ करून बसलेली एक बाई. तिचा उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात होता.

"छान आहे," मी म्हटलं.

सरांचा चेहरा पडला. परत येताना रिक्षात ते मला म्हणाले, "तुम्ही मराठी शिकवता, म्हणून सांगतो. आमच्या घरी छान हा शब्द चालत नाही. छान म्हटलं, की माणूस बघायचं थांबवतो." त्यानंतर त्या घरात मी छान हा शब्द काकूंच्या वरणालासुद्धा वापरला नाही.

सरांचं सगळं लक्ष त्या पाठमोऱ्या बाईवर होतं. ती पाण्यात हात घालून काय करतेय, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. लोक पुस्तकं लिहितात, घरं बांधतात. सरांनी हा प्रश्न सांभाळला. दर ऋतूला नवं उत्तर यायचं आणि ते आलं, की सर जिना चढून वर यायचे. दुपारी मी वह्या तपासत असायचे. दारात उभे राहून ते म्हणायचे, "सापडलं." एका उन्हाळ्यात सापडलं, की ती खरबूज खाऊन चिकट झालेला हात धुतेय. त्यासाठी त्यांनी आम्हाला खाली बोलावून खरबूज खायला घातलं आणि आम्ही हात कसे धुतो ते पाहत बसले. मग पटलं नाही. हात धुणारा माणूस दोन्ही हात पाण्यात घालतो, हिचा एकच आहे. पुढं सापडलं, की तिची अंगठी पडलीय. तेही बारगळलं, कारण अंगठी शोधणारी बाई वाकते, ही ताठ आहे. मध्यंतरी काही दिवस ती रुसलेली होती. ते दिवस काकूंना जड गेले, कारण सर जेवताना त्यांना विचारायचे, "तू रुसतेस तेव्हा तुझी पाठ कशी असते?"

"मला कधी रुसायला सवड दिली तुमी?" काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या.

एकदा माझा नवरा पहिली शिफ्ट करून घामाघूम घरी आला, तर सरांनी त्याला अंगणातल्या हौदावर बसवलं. "इकडं पाठ करा. उजवा हात पाण्यात. मनगटापर्यंत, जास्त नाही. आता कशाचाही विचार करू नका." नवरा माझा बिचारा साधा माणूस. तो बसला. सर मागं खुर्ची टाकून बसले. मी वरून गॅलरीतून बघत होते. ऊन कलायला लागलं होतं, शेजारच्या कडुलिंबावर पोपट ओरडत होते आणि हा बाबा हात पाण्यात घालून बसलेला. इतका वेळ गेला, की मला वाटलं झोपला. सरांनी हळूच विचारलं, "काय वाटतंय?" नवरा म्हणाला, "सर, काहीच वाटत नाही. बरं वाटतंय." सर खुर्चीवरून उठले आणि त्याला मिठीच मारली. त्या दिवशी सापडलं, की ती काहीच करत नाहीये.

हे उत्तर बरेच दिवस टिकलं. मलाही ते आवडलं होतं, कारण त्यामागचं कारण सरांनी मला एकदा सांगितलं होतं. सरांचे वडील मेंढरं राखायचे. सिल्लोडकडचं गाव, उन्हाळ्यात चाऱ्यासाठी लांबलांबची भटकंती. "दुपारी मेंढरं पाणी पिऊन सावलीला बसली, की मग आपलं काही काम नसतं," सर म्हणाले. "ती उठेपर्यंत आपण मोकळे. मी ओढ्यात पाय सोडून बसायचो. पाणी हलतंय, ऊन हलतंय, आपण आहोत की नाही तेही कळत नाही. तसा वेळ मला पुन्हा कुठं मिळाला नाही. कॉलेजात नाही, घरात नाही. त्या चित्रात मिळाला." ते बोलत होते तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण ते अंगणात नव्हते. मी चहा ठेवला तरी त्यांना कळलं नाही. अशा वेळी मला सरांचा हेवा वाटायचा, हे मी सरळच सांगते.

अभ्यासक मंडळींशी त्यांचं मुळीच पटत नव्हतं. चित्रातलं पाणी काळपट होतं, म्हणून कुणी तरी कुठं तरी लिहिलं होतं, की हे रात्रीचं दृश्य आहे. सरांना ते सहन व्हायचं नाही. "पाणी चांदीनं रंगवलं होतं. खरी चांदी, कुटून लावलेली. चांदी काळी पडली, त्याला चित्रकार काय करणार? तुमच्या काकूंचे पैंजण काळे पडले म्हणून काय त्या रात्रीच्या झाल्या?" मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि रात्री खरबूज कोण कापतं?"

दुसरा ध्यास चित्रकाराच्या नावाचा. चित्रावर कुठंच सही नव्हती. पण सर मानायला तयार नव्हते. "एवढ्या निगुतीनं एका बाईची पाठ रंगवणारा माणूस नाव लिहिल्याशिवाय उठला असेल? गवतात लपवलं असेल, गालिच्याच्या काठाला असेल. नाव आहे. मला दिसत नाही, एवढंच." दरवेळी ते भिंग घेऊन काचेला नाक लावायचे आणि तिथले पहारेकरी चाचा दरवेळी म्हणायचे, "सर, शीशे को नाक नक्को लगाव." दोघांची त्यावरच दोस्ती झाली होती.

काकूंनी ते चित्र कधीच पाहिलं नव्हतं. मला हे कळलं तेव्हा खरं वाटेना. सर सारा जन्म ज्याच्याबद्दल बोलले, ते रिक्षानं जाण्याइतक्या अंतरावर होतं. "बघून काय करू?" काकू म्हणाल्या. "पाठ हाय मला." आणि त्यांनी खरोखर डोळे मिटून सांगितलं. मांजर कुठं, खरबूज कुठं, पेंगणारी कोण, मांडीवर डोकं ठेवलेली कोण. बाकीच्या सगळ्या नुसत्या बया, पाठमोरीला मात्र त्या "ती बया" म्हणायच्या.

शिवाय त्यांच्याकडं एक बिनतोड कारण होतं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं ते मध्ये कितीतरी दिवस टाकून येतं आणि कोणत्या वेळी येईल, याचा नेम नसतो. पाण्याचा दिवस जवळ आला, की छावणीतल्या बायका घर सोडत नाहीत. टाक्या, हंडे, पिंपं, बादल्या, अगदी स्वयंपाकातली पातेलीसुद्धा ओळीत लागतात. पाणी आलं, की सगळी गल्ली ओली होते, मोटारींचा आवाज सुरू होतो आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. नेमके त्याच दिवशी सर पाण्यावर गेलेले असायचे. भरून झालं, की काकू पदरानं तोंड पुसत पायरीवर बसायच्या, आणि सर फाटकातून आत यायचे आणि विचारायचे, "पाणी आलं होतं वाटतं?"

मग सरांचे डोळे बिघडले. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही, थेंबांनी जे उरलंय ते सांभाळायचं. आधी कडेकडेचं जातं. सर घरी आले आणि मला म्हणाले, "आता वर्तमानपत्राची नळी लागणार नाही. डोळाच नळी झाला." मला रडू आलं, तर म्हणाले, "अहो, मी विनोद केला."

त्यानंतर त्यांनी नजर वाचवायला सुरुवात केली. टीव्हीसमोर डोळे मिटून बसायचे. जेवताना डोळे मिटायचे. भाकरी कुठं आहे हे हाताला कळतं म्हणायचे. छावणीहून शहागंजला रिक्षानं जाताना सगळा रस्ता डोळे बंद. "इथं कशाला खर्च करू? हे सगळं बघून झालंय." काकू वैतागून जायच्या. "नजर काय पिठाचा डबा हाय व्हय, पुरवून पुरवून वापरायला?" पण रात्री थेंब घालायची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही.

एका संध्याकाळी सर जिना चढून वर आले. कठडा धरून, सावकाश. मला वाटलं, नवीन उत्तर सापडलं. ते म्हणाले, "एक मागणं आहे. तिनं ते चित्र बघावं. आणि ती बघत असताना मी तिला बघावं. मला आता चित्राचं काही नको, ते माझ्या डोक्यात आहे. तिचं तोंड कसं होतं ते बघायचंय. दिवसेंदिवस उशीर होतोय. तुम्ही सांगा तिला, माझं ती ऐकत नाही."

मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "नळ सोडून मी कुठं येऊ?" मी पुन्हा सांगितलं. मग सांगणं हा माझा उद्योगच झाला. मी तशी चिवट आहे, शाळेत पोरं मला वचकून असतात. सरांचे डोळे कसे चाललेत, हे मी त्यांना सांगावं असं काही नव्हतं. त्या माझ्यापेक्षा जास्त जाणत होत्या. शेवटी एक दिवस त्या तयार झाल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या, कुंकू ठळक लावलं, पायात नव्या चपला. सर आधीच फाटकाशी जाऊन उभे. रिक्षावाला थांबलेला. काकूंनी फाटकाची कडी काढली आणि गल्लीच्या टोकावरून कुणी तरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!"

काकू तिथल्या तिथं वळल्या. चपला पायरीवर सुटल्या, लुगड्याचा ओचा खोचला गेला आणि पहिली बादली नळाखाली गेली. मी म्हणत होते, काकू राहू द्या, मी भरते. मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. सर रिक्षात बसून राहिले. हिरव्या लुगड्याचा ओला काठ दारातून आत-बाहेर होत होता, तो त्यांना किती दिसत होता कोण जाणे. बऱ्याच वेळानं ते उतरले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "आज नाही."

त्यानंतर दोन-चार दिवस सर पाण्यावर गेले नाहीत. ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. मला काकूंचा इतका राग आला, की मी जिन्यावरून जाता-येता त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्या आपल्या येऊन माझ्या दारात मेथीची जुडी ठेवून गेल्या.

तोड काढली ती माझ्या नवऱ्यानं. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. खाली जाऊन काकूंना म्हणाला, "काकू, आज मी दिवसभर घरी आहे. पाणी आलं तर तुमचा थेंबसुद्धा वाया जाणार नाही. कोणतं भांडं आधी, ते सांगून जा." काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. मग एकेक भांडं दाखवून त्याला सगळा क्रम सांगितला, पिण्याचं कोणतं, वापरायचं कोणतं, पिंपाला फडकं कसं बांधायचं. तो मान डोलवत होता. सगळं सांगून झाल्यावर काकू आत गेल्या आणि हिरवं लुगडं नेसून आल्या.

संग्रहालयात त्या वेळी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. चाचा खुर्चीवरून उठले. "सर तो हमेशा आते, आज अम्मा आए. बहोत अच्छा हुआ." काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला. सर त्यांना हाताला धरून चित्रापाशी घेऊन गेले, की त्या सरांना घेऊन गेल्या, ते सांगता यायचं नाही. मग सरांनी जवळचा चष्मा काढून लांबचा लावला आणि ते चित्राकडं पाठ करून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या चित्राकडं त्यांची पाठ झालेली चाचांनीही पाहिली नसेल. ते फक्त काकूंकडं बघत होते. मान जरा जरा हलवून, कपाळ, डोळे, हनुवटी, असं तुकड्यातुकड्यानं.

काकू चित्रावरून सावकाश नजर फिरवत राहिल्या. पिवळा प्रकाश त्यांच्या तोंडावर पडला होता. बाहेर शहागंजची वर्दळ चालू होती, पण आत ती कुठून तरी लांबून आल्यासारखी येत होती. मलाच गुंगी यायला लागली. त्या खोलीत सगळेच जण काठावर बसलेत आणि कुणालाच कुठं जायचं नाही, असं वाटत होतं.

"एवढुसंच हाय व्हय?" काकू म्हणाल्या.

सर हसले. अगदी मनापासून.

"बया बऱ्या हायत," काकू पुढं म्हणाल्या. "ही निजलेली तर लईच गोड हाय." मग त्या आणखी पुढं झाल्या. डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "अगं बाई. नाव खाली हाय."

सर गर्रकन वळले. मी त्यांना इतक्या चपळाईनं हलताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर, नाक काचेला. "कुठं? खाली कुठं? गवतात? कसली अक्षरं आहेत, फारसी आहेत का?" चाचा ओरडले, "सर, नाक!" आणि मीही, मराठीची मास्तरीण, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि चित्राच्या खालच्या काठात चित्रकाराचं नाव शोधायला लागले.

"अहो, खाली कामून वाकलाव दोघं?" काकू म्हणाल्या. "नाव म्हणते मी. नाव. पाण्यातली. ती बघा तिथं झाडाखाली. खाली हाय. कुणीच बसलं नाय तिच्यात."

आमच्याकडं रिकाम्यालाही खालीच म्हणतात. घरी, बाजारात, रिक्षात, सगळीकडं. मी ताठ उभी राहिले. हसू येत होतं, पण सरांकडं पाहिलं आणि ते आलं नाही.

"कुठंय नाव?" सर विचारत होते. "मला दिसत नाही." ती डाव्या कोपऱ्यात होती आणि सरांची तिकडची नजर गेलेली होती. काकूंनी त्यांची हनुवटी धरून मान हळूहळू वळवली, पोराची वळवावी तशी. "हां," सर म्हणाले. "आली. ती होय. ती जागा भरायला आहे गं. तो कोपरा मोकळा पडला असता, म्हणून काढलीय. तिला तसा काही अर्थ नाही."

"आसंल," काकू म्हणाल्या. "पर चांगली गादी टाकलेली हाय तिच्यात. वर झालर हाय. अन् या सगळ्या काठालाच बसल्यात. मी आसते तर आधी नावंत बसले आसते."

सर त्यांच्याकडं वळले. "तुला नावेत बसायचं होतं?"

"आता विचारायलाव व्हय?"

काकू चित्राकडंच बघत होत्या. आवाजात राग नव्हता. "लगीन झाल्यापासून तुमी पाण्यावर जायलाव. मला कधी म्हणलाव का, चल म्हणून?"

"म्हणतोय की. किती दिवसांपासून म्हणतोय, यांना विचार."

"चितर बघायला चल म्हणलाव. पाण्यावर चल म्हणलाव नाय."

सरांना काकूंचं तोंड बघायचं होतं आणि ते आता त्यांच्या अगदी समोर होतं. पण त्यांनी मनात जे योजलं असेल, ते हे नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी पदराचं टोक काढून त्यांच्या हातात दिलं. "पुसा. औषधं वाहून जातील डोळ्यातली."

आम्ही बाहेर आलो. ऊन टळटळीत होतं. चाचांनी फाटकापर्यंत येऊन रिक्षा थांबवली. काकू आधी बसल्या, मग सरांना हात देऊन आत घेतलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "छावणी ना?"

"छावणी नको," काकू म्हणाल्या. "तळ्याला घे."

"कौनसा तालाब, अम्मा?"

"ज्याच्यात नाव आसंल तो."

रिक्षावाला मागं वळून हसला. पोरगेलासा होता. "नाव अब इधर किधर मिलेगी? नाव के वास्ते पैठण जाना पडेगा, अम्मा."

काकूंनी पदर सारखा केला. पैठण कुठं, दिवस केवढा, घरी पाणी आलं असेल की नसेल, हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसलं. "लई लांब हाय की ते," त्या म्हणाल्या. "जाऊ दे बाबा. छावणीलाच घे."

सर पुढं सरकले आणि त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पैठण," ते म्हणाले.

"पैठण? रिक्षे से?"

"रिक्षानंच."

काकूंनी मला बसायला जागा करून दिली होती. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मला शहागंजात जरा काम आहे. तसं काहीच काम नव्हतं.